साहसाचा हिशेब : नवउद्योग, सार्वजनिक पैसा आणि अपयश

'व्हेंचर कॅपिटल' या संज्ञेसाठी मराठीत 'साहसवित्त' हा शब्द बऱ्यापैकी रूढ झाला आहे. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी तो इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द ठेवून घडवला असणार. पण त्यामुळे संस्कृतातील एक जुना अर्थ नकळत त्याच्या मागे येऊन उभा राहिला. धर्मशास्त्रात विवादाची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत 'साहस' हे एक पद आहे, आणि तेथे त्याचा अर्थ शौर्य असा नाही. बळाच्या जोरावर, उघडपणे केलेला गुन्हा म्हणजे साहस. दंडाच्या चढत्या पायऱ्यांनाही प्रथम साहस, मध्यम साहस, उत्तम साहस अशीच नावे होती. पुढे हा शब्द गुन्ह्याकडून अविचाराकडे आणि अविचाराकडून धाडसाकडे सरकत गेला. तरीही घरातले वडीलधारे माणूस 'उगाच साहस करू नकोस' असे म्हणते तेव्हा त्या शब्दातला मधला, अविचाराचा अर्थ जिवंत असल्याचे ध्यानात येते.

या तिन्ही अर्थांची आठवण येथे केली ती भाषेच्या हौसेपोटी नव्हे. नव्या, अनुभव नसलेल्या उद्योगात खासगी माणसाने पैसा घातला आणि तो वाढला तर ते धाडस ठरते; बुडाला तर अविचार ठरतो. पण तोच पैसा सरकारी अधिकाऱ्याने घातला आणि बुडाला, तर आपण थेट पहिल्या अर्थाकडे परततो. चौकशी होते, 'सार्वजनिक पैशाचा अपव्यय' असे शब्द वापरले जातात, कोणाची तरी जबाबदारी निश्चित केली जाते. गेल्या पाऊणशे वर्षांत अनेक देशांच्या सरकारांनी साहसवित्ताच्या निधींत पैसा घातला. सरकारने हे करावे की करू नये, असा वाद त्याभोवती नेहमी रंगतो. इतिहास पाहू गेल्यास मात्र खरा पेच निराळाच दिसतो. ज्या व्यवहाराचा पायाच अपयशावर उभा आहे, तो व्यवहार अपयश सहन न करू शकणाऱ्या संस्थेने कसा करावा? या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी जी उत्तरे दिली, त्यांचाच हा इतिहास आहे.

आधी व्यवहाराचे स्वरूप पाहू. धोका आणि मोबदला यांचा संबंध आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सर्वसाधारण कर्जावर दरमहा शेकडा सव्वा पण हे व्याज धर्म्य मानले आहे. व्यापाऱ्यांसाठी पाच, अरण्यातून जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस. याज्ञवल्क्यस्मृतीतही अरण्य आणि समुद्र यांचे हेच दर येतात. वाट जितकी अनिश्चित तितके व्याज अधिक, हा त्यामागचा सरळ हिशेब. पण या हिशेबाला एक मर्यादा आहे. जहाज सोन्याने भरून परत आले तरी सावकाराला मिळते ते ठरलेले व्याजच. आणि जहाज बुडाले तर बहुधा सारेच जाते. व्याज कितीही चढवले तरी अगदी नव्या, तारण देण्यासारखे काहीही हाती नसलेल्या उद्योगाला कर्ज देणे सावकाराला परवडत नाही.

साहसवित्ताने या कोंडीतून वाट काढली ती कर्ज सोडून मालकीतला वाटा मागून. निधी दहा उद्योगांत पैसा घालतो. त्यांतले निम्मे बुडाले, तीन-चार कसेबसे तगले आणि एखाद-दुसरा अफाट वाढला, तर त्या एकाच्या वाढीतून बाकीच्या सगळ्यांचे नुकसान भरून निघते व वर नफाही उरतो. म्हणजे येथे अपयश हा अपघात नसून खर्चाची नेहमीची बाब आहे. अशा निधीकडे एखाद्या कथासंग्रहाकडे पाहावे तसे पाहावे लागते. एक-दोन कथांसाठी संग्रह लक्षात राहतो आणि उरलेल्यांबद्दल कोणी लेखकावर खटला भरत नाही. याउलट सरकारी लेखापरीक्षक एकेक नोंद स्वतंत्र वाचतो आणि त्याने तसेच वाचले पाहिजे, कारण भ्रष्टाचार एकेका नोंदीतच लपलेला असतो. वाचनाच्या या दोन पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. पुढे सांगितलेल्या बहुतेक यशापयशांच्या मुळाशी ही विसंगती आहे.

सार्वजनिक पैशातून नवा उद्योग उभा करण्याचे दोन प्रयोग महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभीच झाले होते, आणि दोहोंतही ही अडचण आडवी आली नाही. ती का आली नाही, हे पाहण्यासारखे आहे. पहिला प्रयोग पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने देशी उद्योगांसाठी एकेक पैसा द्यावा अशी कल्पना मांडली आणि गावोगाव फिरून ती रुजवली. टिळकांचे पाठबळ मिळाल्यावर तिला मोठे रूप आले. १९०८ मध्ये या निधीतून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात काचनिर्मिती शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची उभारणी केली. कारखान्याची जमाखर्चाची बाजू काहीही असो, तेथे शिकून तयार झालेले कारागीर देशभरातल्या काच कारखान्यांत गेले, हे त्याचे खरे उत्पन्न. एक पैसा देणाऱ्याने तो परत मिळेल या अपेक्षेने दिलाच नव्हता. पैसा अनेकांचा होता, प्रत्येकाचा वाटा नगण्य होता आणि त्याला दानाचे रूप होते. त्यामुळे अपयशाचा जाब विचारणारा कोणी नव्हता.

दुसरा प्रयोग औंध संस्थानातला. बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोहोचलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडलजवळची माळरानाची जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपवण्यासाठी किर्लोस्करांना दीर्घ काळ वाट पाहावी लागली होती. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर बाजारपेठ सिद्ध न झालेल्या उत्पादनात राज्यकर्त्याने पैसा घातला. पण हा राज्यकर्ता माणूस होता, कार्यालय नव्हे. त्याने माणसाची पारख केली आणि निर्णय घेतला. तो चुकला असता तर त्याची खंत त्यालाच वाटली असती, फाइलवर शेरा पडला नसता. राजा आपली चूक विसरू शकतो. शासन विसरू शकत नाही, आणि लोकशाहीत त्याने विसरूही नये. म्हणूनच औंधचा मार्ग आधुनिक राज्यासाठी बंद आहे. त्याला दुसरे काही शोधणे भाग होते.

हा शोध मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेत झाला. १९४६ मध्ये बॉस्टनच्या परिसरात 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' ही संस्था स्थापन झाली. हार्वर्डमध्ये शिकवणारे आणि युद्धकाळात सेनाधिकारी राहिलेले जॉर्ज डोरिओ तिचे सूत्रधार होते. युद्धकाळातील संशोधन प्रयोगशाळांत पडून आहे आणि त्याला बाजारात आणणारे भांडवल नाही, हे तिच्या स्थापनेमागचे निदान. १९५७ मध्ये तिने 'डिजिटल इक्विपमेंट' या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले. दशकभरात त्या वाट्याचे मूल्य हजारो पटींनी वाढले. संस्थेच्या इतर असंख्य मध्यम आणि फसलेल्या गुंतवणुकी या एका यशाने झाकून टाकल्या. साहसवित्ताचे सारे गणित या एका उदाहरणात सामावलेले आहे.

त्याच १९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिकेत तांत्रिक पिछाडीची भीती पसरली. या वातावरणात १९५८ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लघुउद्योग गुंतवणूक कायद्यावर सही केली. खासगी व्यक्तींनी परवाना घेऊन लहान गुंतवणूक कंपन्या काढाव्यात, त्यांत स्वतःचे भांडवल घालावे आणि त्याच्या जोडीला सरकार त्यांना स्वस्त दराने कर्ज देईल, अशी ही योजना. कोणत्या उद्योगात पैसा घालायचा हे सरकार ठरवणार नव्हते. ते काम परवानाधारकाचे. सरकारने निवडीचा अधिकार सोडून देऊन अपयशापासून एक हात दूर उभे राहण्याची ही पहिली मोठी व्यवस्था.

योजनेचा परिणाम दुहेरी झाला. काही वर्षांतच शेकडो कंपन्या निघाल्या. त्यांतल्या अनेक अननुभवी लोकांच्या होत्या, काही तर उघड लबाडीच्या, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्यापैकी कित्येक अडचणीत आल्या. पण मोठा दोष माणसांत नव्हता, रचनेत होता. सरकारचा पैसा कर्जाच्या रूपात येत होता आणि कर्जावर व्याज दर वर्षी भरावे लागते. नवउद्योग पहिल्या चार-पाच वर्षांत काहीच देत नाही. साहजिकच परवानाधारक कंपन्या जमीनजुमला किंवा नियमित उत्पन्न देणाऱ्या जुन्या धंद्यांकडे वळल्या. नावात साहस होते, पण पैशाच्या स्वरूपातच सावकारी होती. १९९० च्या दशकात हा दोष दुरुस्त करण्यासाठी सरकारने नफ्यात वाटा घेणारे रोखे आणले. शतकाच्या अखेरीस तेजीचा फुगा फुटल्यावर त्यांत अब्जावधी डॉलरचे नुकसान झाले आणि २००४ पासून ते नव्याने देणे बंद झाले.

तरीही ही योजना फुकट गेली असे म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात बिल ड्रेपर आणि फ्रँकलिन जॉन्सन यांच्यासारख्यांनी याच योजनेचा परवाना घेऊन गुंतवणुकीचे पहिले धडे गिरवले. इंटेल, ॲपल यांसारख्या कंपन्यांना सुरुवातीच्या काळात या योजनेखालच्या कंपन्यांकडून पैसा मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवउद्योगाचे करार लिहिणारे वकील, त्याचे हिशेब समजणारे लेखापाल, त्याची पारख करणारे मध्यस्थ अशी एक जमातच या काळात तयार झाली. तळेगावच्या कारागिरांसारखेच हे. ताळेबंदात तोटा दाखवणाऱ्या योजनेचे उत्पन्न माणसांच्या रूपाने दुसरीकडेच जमा झाले होते.

यानंतरच्या काळात युरोपातल्या सरकारांनी दुसरी वाट धरली. 'निवड तुमची, पण बुडाले तर भरपाई आमची' अशी ती वाट. १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीत बँकांच्या सहभागाने साहसवित्ताची एक कंपनी स्थापन झाली आणि तिच्या तोट्याचा पाऊण हिस्सा भरून देण्याची हमी सरकारने घेतली. शिवाय ज्या उद्योजकांत पैसा घातला त्यांना आपला वाटा मूळ किंमत व माफक व्याज देऊन परत विकत घेण्याची मुभा होती. म्हणजे उद्योग बुडाला तर सरकार होतेच, आणि भरभराटीला आला तर उद्योजक वाटा काढून घेणार. कंपनीने कष्ट घ्यावेत असे कारणच उरले नाही. आपल्याकडे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते असे म्हणतात. येथे दळणारा आंधळा नव्हता. पीठ गेले तरी भरून मिळणार हे ठाऊक असल्याने त्याने डोळे मिटून घेतले होते. दहा वर्षांच्या आत हा प्रयोग गुंडाळला गेला.

हाच धडा इस्रायलने दोन वर्षांत शिकून घेतला, आणि या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण तेच आहे. १९८७ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलने 'लावी' या लढाऊ विमानाचा प्रकल्प रद्द केला आणि शेकडो कुशल अभियंते मोकळे झाले. १९८९ नंतर सोव्हिएत संघातून लाखोंच्या संख्येने स्थलांतरित आले. त्यांतही शास्त्रज्ञ आणि अभियंते मोठ्या संख्येने होते. संशोधनाला अनुदान देणारे मुख्य वैज्ञानिकांचे कार्यालय तेथे १९६९ पासून होते. अनुदानातून तंत्रज्ञान तयार होई, पण ते विकायचे कसे, परदेशी बाजारात जायचे कसे, हे सांगणारे कोणी नसे. बरेच उद्योग त्या टप्प्यावर मरत. पैशाइतकीच उणीव जाणकारीची होती.

१९९२ मध्ये सरकारने 'इन्बाल' नावाची पहिली योजना आणली. शेअर बाजारात नोंदलेल्या साहसवित्त निधींना त्यांच्या भांडवलाच्या ७० टक्क्यांपर्यंत सरकारी हमी, असे तिचे स्वरूप होते. चार निधी निघाले आणि कागदपत्रांच्या जंजाळात व बाजारातल्या निरुत्साहात ते मागे पडले. तोटा झाकला गेल्याने कुशल गुंतवणूकदाराला यायला काही खास कारण मिळाले नाही. तो तोट्याला भीत नसतो, त्याला मोठ्या नफ्याची ओढ असते. हमीमुळे जे आकर्षित होतात ते धोका टाळू पाहणारेच, आणि धोका टाळू पाहणारे लोक या कामाला उपयोगाचे नसतात.

१९९३ मध्ये दुसरी योजना आली. तिचे नाव 'योझ्मा'. हिब्रूत त्याचा अर्थ पुढाकार. मुख्य वैज्ञानिक म्हणून काम केलेले यिगाल एर्लिख तिचे शिल्पकार. सरकारने १० कोटी डॉलर बाजूला काढले. त्यांतले ८ कोटी दहा निधींत, प्रत्येकी सुमारे ८० लाख, घालायचे; उरलेले २ कोटी थेट उद्योगांत. प्रत्येक निधीत सरकारचा वाटा साधारण ४० टक्के. बाकीचे ६० टक्के खासगी भागीदारांनी आणायचे. अट अशी, की भागीदारांत एक इस्रायली वित्तसंस्था हवी आणि साहसवित्तात नाव असलेली एक परदेशी संस्थाही हवी. तोट्याची हमी शून्य. पण पाच वर्षांच्या आत खासगी भागीदारांना सरकारचा वाटा जवळपास मूळ किमतीला, व्याज धरून, विकत घेण्याचा हक्क.

या एका कलमाने सारे फिरले. निधी बुडाला तर सरकार भागीदारांच्या बरोबरीने बुडणार होते, त्यांच्याआधी किंवा त्यांच्याऐवजी नव्हे. निधी यशस्वी झाला तर सरकार स्वस्तात बाजूला होणार आणि नफ्याचा मोठा भाग भागीदारांना मिळणार. जर्मनीत विकत घेण्याचा हक्क उद्योजकाला होता, त्यामुळे गुंतवणूकदाराचा उत्साह संपला. येथे तोच हक्क गुंतवणूकदाराला मिळाला आणि उत्साह दुणावला. दहापैकी आठ निधींनी सरकारचा वाटा विकत घेतला, १९९७ मध्ये योजनेचे खासगीकरण झाले आणि सरकार चार वर्षांत मोकळे झाले. परदेशी भागीदारांनी आपल्याबरोबर ओळखी आणल्या, बाजारपेठेचे ज्ञान आणले, करारांचे नमुने आणले. २००० साली इस्रायली नवउद्योगांनी उभारलेले भांडवल तीन अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचले होते.

योझ्माची ही कथा जगभर सांगितली जाते आणि सांगताना तिचे दोन भाग बहुधा गाळले जातात. पहिला असा, की १० कोटी डॉलरमागे अनेक दशकांचा, त्याहून कितीतरी मोठा सार्वजनिक खर्च उभा होता. विद्यापीठे, संशोधन अनुदाने आणि मुख्यतः लष्कर. ज्या तरुणांनी कंपन्या काढल्या त्यांतल्या अनेकांचे शिक्षण लष्करी तंत्रज्ञान विभागांत झाले होते. त्या संपत्तीला युद्धाची सावली आहे आणि ती कथेतून पुसणे प्रामाणिकपणाचे नाही. दुसरा भाग असा, की सरकारने नफा जाणूनबुजून सोडून दिला. जनतेने धोका उचलला, लाभाचा मोठा वाटा थोड्यांच्या हाती गेला. मारियाना मात्सुकातो या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात अशा व्यवहारांवर नेमका हाच आक्षेप घेतला : धोक्याचे सामाजिकीकरण आणि लाभाचे खासगीकरण. त्याआधी, २००९ मध्ये, जॉश लर्नर यांनी सरकारी साहसवित्ताच्या फसलेल्या प्रयत्नांचा सविस्तर इतिहास लिहिला तेव्हा योझ्मा त्यांच्यापुढे यशाचा नमुना म्हणून होती. दोघांचेही म्हणणे खरे आहे, हीच अडचण. लर्नर विचारतात की यंत्र चालले का. मात्सुकातो विचारतात की ते कोणासाठी चालले.

आता भारताकडे येऊ. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर उद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या त्या कर्ज देणाऱ्या होत्या : १९४८ मध्ये औद्योगिक वित्त निगम, १९५५ मध्ये आयसीआयसीआय, १९६४ मध्ये आयडीबीआय. १९७५ मध्ये औद्योगिक वित्त निगमाने नव्या उद्योजकांसाठी 'रिस्क कॅपिटल फाउंडेशन' स्थापन केले. धोक्याचे भांडवल हा विचार सरकारी व्यवस्थेत तेथून शिरला. १९८६ मध्ये संसदेने संशोधन आणि विकास उपकराचा कायदा केला. परदेशी तंत्रज्ञान आयात करणाऱ्याने त्याच्या किमतीवर कमाल पाच टक्के उपकर भरायचा आणि त्या पैशातून देशी तंत्रज्ञानाला भांडवल द्यायचे, अशी त्यामागची कल्पना. परावलंबनावर कर बसवून स्वावलंबन उभे करण्याच्या या कल्पनेला एक नैतिक डौल होता. आयडीबीआयकडे साहसवित्ताचा निधी आला. १९८८ मध्ये केंद्र सरकारने साहसवित्तासाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्याच वर्षी आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून बंगलोरला 'टीडीआयसीआय' ही कंपनी काढली. १९९० मध्ये गुजरातेत राज्य पातळीवरची तशीच कंपनी आली. मुंबईची मास्टेक, बंगलोरची बायोकॉन यांसारख्या तेव्हा लहान असलेल्या कंपन्यांना या पहिल्या लाटेचा आधार मिळाला.

त्या काळातले एक साधन विशेष लक्षात राहण्यासारखे आहे. त्याचे नाव सशर्त कर्ज. उद्योग विक्री करू लागेपर्यंत त्याने काहीच द्यायचे नाही. विक्री सुरू झाल्यावर व्याजाऐवजी विक्रीतला ठरावीक हिस्सा, शेकडा दोनपासून पंधरापर्यंत, स्वामित्वशुल्क म्हणून द्यायचा. हे धड कर्ज नाही, धड भागीदारी नाही. पण ज्या संस्थांच्या हाडीमाशी कर्ज भिनलेले होते त्यांनी साहसाशी केलेली ही तडजोड होती आणि तिच्यात कल्पकताही होती. फाइलवर 'कर्ज' असा शब्द राही, म्हणून लेखापरीक्षकाचे समाधान; परतफेडीला अट असे, म्हणून उद्योजकाचा श्वास मोकळा.

उपकराचे पुढे काय झाले ही कथा मात्र उदास करणारी आहे. १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन झाले आणि उपकराचा पैसा त्याच्याकडे यावा असे ठरले. प्रत्यक्षात पैसा सरकारच्या एकत्रित निधीत जाई आणि त्यातला अगदी थोडा भाग मंडळापर्यंत पोहोचे. २०१७ मध्ये उपकर रद्द झाला तेव्हा त्यातून जमलेल्या रकमेचा बहुतांश भाग ज्या कामासाठी गोळा केला त्या कामाला लागलाच नव्हता. तरीही त्या थोड्या पैशातून काय घडले, याचे एक उदाहरण पाहा. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बीवरची देशी लस बाजारात आणली आणि या मंडळाच्या अर्थसाहाय्याचा त्यात वाटा होता. आयात लशीच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. देशी लस आल्यावर त्या झपाट्याने उतरल्या. कर्ज फिटले, व्याज मिळाले एवढेच मंडळाच्या वहीत दिसते. ज्या मुलांना लस मिळाली ती कोणत्या रकान्यात लिहायची?

१९९९ मध्ये माहिती तंत्रज्ञानासाठी १०० कोटींचा राष्ट्रीय निधी सिडबीच्या देखरेखीखाली निघाला, आणि २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' कार्यक्रमात सरकार निधींच्या निधीकडे वळले. दहा हजार कोटी रुपये सिडबीच्या हाती. सिडबीने ते थेट उद्योगात न घालता सेबीकडे नोंदलेल्या खासगी निधींत घालायचे. आणि त्या निधींनी सरकारी वाट्याच्या किमान दुप्पट रक्कम नवउद्योगांत गुंतवायची. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी दहा हजार कोटींचा नवा निधी जाहीर झाला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. या शेवटच्या योजनेत अल्प किंवा शून्य व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जावर भर आहे. १९५८ चा अमेरिकी अनुभव माहीत असलेल्याने या ठिकाणी क्षणभर थांबावे. पैशाचे रूप पैशाच्या वर्तनाला वळण देते. मुदत लांबवल्याने कर्जाचा स्वभाव सौम्य होतो, बदलत नाही.

निधींच्या निधीची रचना आरंभी सांगितलेल्या पेचावरचे आजवरचे सर्वांत सफाईदार उत्तर आहे. सरकारच्या वहीत एकेका उद्योगाची नोंदच येत नाही. येते ती निधीची. बुडालेले उद्योग निधीच्या पोटात विरघळून जातात. लेखापरीक्षकालाही संग्रह एकत्र वाचावा लागतो. अधिकाऱ्यावर गुन्ह्याचा ठपका येत नाही आणि साहसाला वाट मिळते. कोणाला पैसा मिळावा यात राजकीय हस्तक्षेपाची शक्यताही घटते. हे फायदे खरे आहेत आणि वर सांगितलेल्या अपयशांकडे पाहता लहान नाहीत.

परंतु या अंतराची किंमत असते. थेट अनुदान देणाऱ्या सरकारला नागरिक विचारू शकतो की अमक्याला का दिले. निधीच्या पडद्याआड हा प्रश्न विचारायला जागा राहत नाही. उत्तर मिळते की निवड व्यवस्थापकाची. व्यवस्थापक ज्या शहरांत राहतो, ज्या संस्थांतून शिकतो, ज्या भाषेत बोलतो, त्याच वर्तुळात पैसा फिरत राहण्याची शक्यता वाढते. कुंडलच्या माळरानावरचा आजचा किर्लोस्कर, अजून न खपलेल्या नांगरासह, एखाद्या निधीच्या मुंबईतल्या कार्यालयात पोहोचेल काय आणि पोहोचलाच तर त्याचे बोलणे कोणाला कळेल काय, ही शंका अनाठायी नाही. धोका दुसऱ्यावर सोपवता येतो, निवडही सोपवता येते. उत्तरदायित्व मात्र सोपवता येत नाही. पैसा पैसा फंडासारखाच असंख्य लोकांच्या खिशातून आलेला आहे, फरक एवढाच की तो या वेळी कराच्या रूपाने घेतलेला आहे, दान म्हणून दिलेला नाही.

म्हणून या निधींकडून दोन गोष्टी मागणे रास्त ठरेल. प्रत्येक निधीची मुदत संपल्यावर त्याचा पूर्ण वृत्तांत प्रसिद्ध व्हावा : किती उद्योग, कोणत्या गावांतले, किती बुडाले, का बुडाले. बुडालेल्यांची नोंद शिक्षेसाठी नव्हे, पुढच्यांच्या शिक्षणासाठी. लर्नर यांना आपला ग्रंथ लिहिता आला तो अशा नोंदी कुठेतरी राहिल्या म्हणूनच. दुसरी गोष्ट, परताव्याच्या आकड्याशेजारी दुसरा एक रकाना असावा. तेथे शिकून बाहेर पडलेली माणसे, उतरलेल्या किमती, उभ्या राहिलेल्या संस्था यांची नोंद व्हावी. तळेगावच्या काच कारखान्याचे आणि हैदराबादच्या लशीचे मोल त्या रकान्याशिवाय मांडता येत नाही. असा वृत्तांत आज आपल्याकडे लोकांच्या वाचनात येत नाही. तो येऊ लागेल तेव्हा एखाद्या फसलेल्या उद्योगाविषयी वाचताना तो गुन्हा होता, अविचार होता की धाडस, हे नागरिकाला स्वतः ठरवता येईल.